घरामागे थोडी मोकळी जागा आहे, ५ कोंबड्या पाळायच्या आहेत अंड्यांसाठी. खुराडं केवढं आणि कसं बांधू? कोंबडा ठेवावाच लागतो का?

कोंबड्याचं आधी सांगून टाकतो, म्हणजे तो विषय संपेल. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. तलंग (तरुण कोंबडी) साधारण ५-६ महिन्यांची झाली की कोंबडा असो नसो अंडी घालायला लागते, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. पिल्लं हवी असतील तरच ठेवा आणि त्याआधी शेजाऱ्यांशी बोलून घ्या, कारण तो पहाटेपर्यंत थांबतो वगैरे काही खरं नाही, रात्री कोणी लाइट लावली तरी आरवतो.

आता खुराडं. मी पहिलं बांधलं ते दिवसाचा विचार करून बांधलं, ऊन लागू नये, दिसायला बरं दिसावं, रंगबिंग पण दिला. तिथेच चुकलो. दिवसा कोंबड्या आपलं आपण बघतात हो, खुराडं असतं रात्रीसाठी. अंधारात त्यांना फार कमी दिसतं, जिथे बसल्या तिथे बसून राहतात, कोणी येऊन उचललं तरी फारशी हालचाल करत नाहीत.

मी ती नेहमीची षटकोनी भोकांची पातळ जाळी लावली होती. एक दिवस सकाळी दार उघडायला गेलो तर एक कोंबडी जाळीला चिकटून पडलेली, मुंडकं नाही, आणि जाळी कुठे फाटलेली नाही, कडी पण लागलेलीच. रात्री ती जाळीला टेकून बसली असणार आणि बाहेरून कोणीतरी भोकातून पंजा घालून ओढलं. मांजर की मुंगूस ते आजपर्यंत कळलं नाही. ती जाळी कोंबड्या बाहेर जाऊ नयेत एवढ्यापुरती ठीक आहे, बाहेरच्याला ती अडवत नाही, कुत्र्याने जोर लावला तर सरळ फाटते. अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्डेड जाळी घ्या आणि ती खिळ्यांनी नाही तर स्क्रू आणि वॉशर लावून बसवा. खालून उकरून येणारे पण असतात, त्यासाठी जाळी फूटभर जमिनीत पुरा, किंवा खणायचा कंटाळा असेल (मला होता) तर बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरून वर माती टाका, उकरणारा भिंतीलगतच उकरायला सुरुवात करतो आणि पंजा जाळीवर अडतो. दाराला नुसती सरकती कडी नको, वर एक हुक पण लावा.

साइज म्हणाल तर आत एका कोंबडीला ४ चौरस फूट धरा, म्हणजे ५ कोंबड्यांना ५ बाय ४ फूट झालं, आणि बाहेर फिरायला जाळीचं आवार करणार असाल तर एकीला १० चौरस फूट. दाटी झाली की एकमेकींची पिसं उपटायला लागतात आणि एकदा रक्त दिसलं की बाकीच्या पण तिथेच चोच मारतात, मग आवरत नाही. बसायला दांडा लागतो, दोनेक इंच रुंद, कडा घासून गोल केलेला, एकीला ८-१० इंच जागा. अंडी घालायला फूट बाय फूटचे दोन खोके पुरतात, पाच जणींना पाच करत बसू नका, सगळ्या एकाच खोक्यासाठी भांडतात. दांडा मात्र खोक्यांपेक्षा उंच हवा. त्या सगळ्यात उंच जागा बघून झोपतात, खोका उंच असेल तर खोक्यात झोपणार, रात्रभर तिथेच शिटणार आणि सकाळी तुम्ही अंडी धूत बसणार.

हवेचं लोक विसरतात. थंडी लागेल म्हणून सगळं बंद करून टाकतात. कोरडी थंडी कोंबडीला पिसांमुळे बरीच सोसते, ओल सोसत नाही, आणि ५ कोंबड्यांचा श्वास आणि शीट मिळून रात्रीत आत भरपूर दमट होतं. छपराच्या खाली दोन्ही बाजूंना जाळीची खिडकी ठेवा, दांड्यावर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर, म्हणजे वारा अंगावर येत नाही. सकाळी दार उघडल्या उघडल्या आत डोकं घालून वास घ्या, डोळे चुरचुरले तर समजा अमोनिया साठलाय. खाली ३-४ इंच भुसा टाका आणि मूठभर उचलून दाबून बघा, गोळा झाला तर ओला आहे, बदला.

अजून एक रात्रीचंच काम. लाल माइट ही गोचिडीसारखी बारीक कीड दिवसा दांड्याच्या फटीत लपून बसते आणि रात्री रक्त प्यायला निघते, त्यामुळे दिवसा कोंबडी तपासली तर काहीच दिसत नाही. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जा, पांढरा कागद दांड्याच्या खालच्या बाजूने घासा, लाल रेघा उमटल्या तर आहे.

खाण्याचं फार काही नाही, एकीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम लेअर फीड (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य), शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, पाणी कायम भरलेलं. सुरुवातीलाच एक दिवसाची पिल्लं आणू नका असं माझं मत. पहिल्या आठवड्यात ३५ डिग्रीच्या आसपास ऊब लागते, नंतर दर आठवड्याला ३ डिग्री कमी करायची, वर मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस. त्यापेक्षा लस झालेल्या ४ महिन्यांच्या तलंगी आणा.

आणल्यावर आठवडाभर खुराड्यातच कोंडून ठेवा, जीव तुटतो पण ठेवा, त्याशिवाय हे आपलं घर हे त्यांच्या डोक्यात बसत नाही. मग सोडल्या तरी दिवस मावळला की आपोआप रांगेने आत जातात. तरी कडी लावायच्या आधी मोजा. माझ्याकडे आता सहा आहेत, पाच आत असतात आणि सहावीला मी रोज शिडी लावून झाडावरून उतरवतो.