पिंपल्सवर घरगुती काय लावू?

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांची आहे, कॉलेजला जाते. कपाळावर आणि गालांवर खूप पिंपल्स येतायत. आजी म्हणते लिंबू चोळ, मैत्रीण म्हणते रात्री टूथपेस्ट लाव, दोन्ही केलं तर चेहरा नुसता जळतो. मेडिकलवाल्याने एक गोरं करायची क्रीम दिलीये, लावली की दोन दिवसांत सगळं बसतं पण बंद केली की दुप्पट येतं. झोपताना केसांना खोबरेल लावायची सवय आहे. केमिकल नको, घरगुतीच सांगा ना.

उत्तर : अगं, घरगुती सांगते, पण आधी त्या क्रीमची ट्यूब हातात घे आणि बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलंय का बघ. असेल तर ते स्टिरॉइड आहे. त्याने लाली आणि सूज तेवढी दबते, चेहरा लगेच छान दिसतो म्हणून सुटत नाही, आणि आत कातडी पातळ होत जाते. ती ट्यूब घेऊन याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरकडे जा, कशी बंद करायची ते त्यांनाच विचार. खरंच, हे टाळू नकोस.

लिंबू आजच थांबव. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) २ च्या आसपास, आपल्या त्वचेचा साधारण ५, म्हणजे जळणारच, त्यात ते लावून उन्हात गेलीस तर काळे डाग पडतात आणि ते पिंपलपेक्षा जास्त दिवस राहतात. टूथपेस्ट दातांसाठीच ठेव.

आता कपाळाचं. रात्रीचं खोबरेल कपाळावर उतरतं आणि छिद्रं बुजवतं, म्हणून तेल लावायचंच असेल तर न्हायच्या तासभर आधी लाव आणि धुऊन टाक, उशीचा अभ्राही बदल. माझ्या मते तुझ्यासाठी सगळ्यात मोठा घरगुती उपाय हाच.

मुलतानी माती आठवड्यातून एकदा चालेल, कडक वाळायच्या आत धू. हळदीने फार फरक पडेल असं नाही. टी ट्री ऑइलचा (टी ट्री नावाच्या झाडाच्या पानांचं तेल) मात्र अभ्यास झालाय, १९९० साली ऑस्ट्रेलियात त्याचं ५ टक्क्यांचं जेल आणि तेवढंच बेन्झॉयल पेरॉक्साइड हे पिंपल्सचं नेहमीचं औषध वापरून पाहिलं तर पिंपल्स दोन्हींनी कमी झाले, टी ट्रीला वेळ जास्त लागला पण त्रास कमी झाला. नुसतं तेल थेट लावू नकोस हं, भाजल्यासारखं होतं. आणि केमिकलला एवढी घाबरू नकोस, लिंबातलं आम्लही केमिकलच की! डॉक्टरांनी बेन्झॉयल पेरॉक्साइड किंवा अ‍ॅडापलीन दिलं तर बिनधास्त लाव, पण सहा-आठ आठवडे धीर धर, आठ दिवसांत सोडू नकोस.

पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील तर पीसीओएस (हार्मोन्स बिघडल्याचा त्रास) असू शकतं, तेही डॉक्टरांना सांग. आणि खड्डे पडायला लागले असतील तर घरच्या प्रयोगांत अजिबात वेळ घालवू नकोस, ते नंतर भरून येणं फार अवघड असतं.