पचनासाठी घरगुती उपाय: आधी तक्रार ओळखावी, मग उपाय निवडावा

तुम्ही लिहिले आहे की दिवसभर खुर्चीत बसून काम असते, रात्रीचे जेवण दहाच्या आत होत नाही, जेवल्यावर पोट जड होऊन गॅस धरतो, सकाळी पोट नीट साफ होत नाही, आणि यावर घरच्या घरी करता येईल असा साधा, नैसर्गिक उपाय हवा आहे. मी बरीच वर्षे आहारशास्त्र शिकवले आहे आणि हाच प्रश्न मला नात्यातली व शेजारची मंडळीही वरचेवर विचारतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पचनाच्या नावाखाली सांगितल्या जाणाऱ्या तक्रारी मुख्यतः तीन असतात: पोट फुगणे व गॅस होणे, छातीत जळजळ होऊन आंबट पाणी घशाशी येणे, आणि मलावरोध. या तिन्हींचे उपाय एकच नाहीत, उलट एकीवरचा उपाय दुसरी वाढवू शकतो. जळजळ होणाऱ्याने उपाशीपोटी लिंबू, आले आणि मिरी घातलेला काढा घेतला तर त्याचा त्रास वाढण्याचीच शक्यता जास्त, आणि मलावरोधावर म्हणून एकदम भरपूर कोंडा व कडधान्ये सुरू केली तर आधीच फुगणारे पोट आणखी फुगते. त्यामुळे दुसऱ्याला लागू पडलेला उपाय जसाच्या तसा उचलू नये. तुमच्या वर्णनात जळजळ नाही, जडपणा, गॅस आणि मलावरोध आहे, म्हणून पुढचे सर्व त्या दृष्टीने वाचावे.

त्याआधी एक गोष्ट अगदी स्पष्टपणे सांगते. शौचातून रक्त जाणे, शौचाचा रंग डांबरासारखा काळा होणे, कारण नसताना वजन घटणे, घास गिळताना अडकणे, वारंवार उलट्या होणे, किंवा पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय एकाएकी बदलणे, यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपाय करत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. तसेच छातीत दाब येऊन घाम फुटला, किंवा वेदना हात, खांदा वा जबड्याकडे गेली, तर "गॅस झाला असेल" म्हणून ओवा चावत थांबू नये, तडक रुग्णालय गाठावे. हृदयविकाराचा झटका गॅस समजून घरी काढलेले तास अनेकांच्या जिवावर बेतले आहेत.

आता तुमच्याविषयी. माझ्या मते तुमच्या त्रासाचे सर्वांत मोठे कारण रात्री दहाचे जेवण हे असावे. साधे जेवण जठरातून बहुतांशी पुढे सरकायला सुमारे ४ तास लागतात, तळलेले किंवा तेलकट असेल तर त्याहून अधिक, आणि झोपेत मोठ्या आतड्याची हालचालही मंदावते. दहाला भरपेट जेवून अकराला आडवे झाल्यावर सकाळी पोट जड वाटावे यात नवल नाही. जेवण साडेसात ते आठच्या दरम्यान आणि झोपेच्या निदान २ ते ३ तास आधी व्हावे, हे उत्तम. मात्र ज्यांना कल्याण किंवा विरारची लोकल पकडून घरी पोचायलाच नऊ वाजतात, त्यांना हा सल्ला पाळता येत नाही, हे मी जाणते. त्यांनी जेवण दोन भागांत करावे: सकाळी डब्यात जास्तीची पोळी-भाजी किंवा दशमी ठेवून ती संध्याकाळी सहा-साडेसहाला खावी आणि घरी आल्यावर मुगाची मऊ खिचडी किंवा ताकभात एवढेच घ्यावे. संध्याकाळच्या वडापावाची किंवा फरसाणाची जागा डब्याने घेतली की रात्रीची भूकही आपोआप आटोक्यात येते. जेवणानंतर १० ते १५ मिनिटांची संथ शतपावली करावी, कारण चालण्याने अडकलेला वायू पुढे सरकतो. जेवताना मोबाइल बाजूला ठेवून सावकाश चावावे. पिष्टाचे पचन लाळेतील अमायलेज या विकरामुळे, म्हणजे पचन घडवणाऱ्या द्रव्यामुळे, तोंडातच सुरू होते, आणि घाईने गिळताना अन्नाबरोबर हवाही पोटात जाते. जेवताना पाणी प्यायल्याने पाचकरस पातळ होतात ही भीती मात्र बाळगू नये, तहानेपुरते पाणी पिण्यात काही अडचण नाही.

दुसरी बाब चोथ्याची, म्हणजे अन्नातील न पचणाऱ्या तंतूंची (फायबरची), आणि शहरी जेवणात तोच सर्वांत कमी पडतो. प्रौढ माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा हवा. १०० ग्रॅम ज्वारीत तो सुमारे १० ग्रॅम असतो, तर पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमांहूनही कमी. दुपारच्या भाताच्या जागी ज्वारीची भाकरी, पीठ न चाळता केलेल्या पोळ्या, रोज एक पालेभाजी आणि एखादा पेरू किंवा पपईची फोड एवढ्यानेही मोठा फरक पडतो. पण ही वाढ दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करावी, आणि तिच्याबरोबर पाणीही वाढवावे, नाहीतर चोथाच आतड्यात कोरडा पडून त्रास देतो.

उसळींबद्दल जरा थांबून सांगते, कारण गॅसच्या भीतीने अनेक जण त्या सोडूनच देतात. हरभरा, वाटाणा, वाल, मटकी यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या पचवणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नसते, म्हणून त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात, तेथील जिवाणू त्यांना आंबवतात आणि वायू तयार होतो. कडधान्य ८ ते १० तास भिजवून ते पाणी ओतून दिले, मोड आणले आणि उसळ मऊ शिजवली की या शर्करा बऱ्याच कमी होतात. पाण्याबरोबर थोडी जीवनसत्त्वेही जातात हे खरे, पण गॅसचा त्रास असणाऱ्याने तो तोटा सोसावा असे माझे मत आहे. सुरुवात मुगाने करावी, तो सोसला की मटकी, आणि वाल, वाटाणा, छोले सर्वांत शेवटी, तेही रात्री नाही.

रात्री दूध पिण्याची सवय असेल तर ते दोन आठवडे बंद करून पाहावे. प्रौढपणी दुधातील लॅक्टोज ही साखर नीट न पचणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्याने पोट फुगते. विरजणातील जिवाणू लॅक्टोज काही प्रमाणात वापरून टाकतात, म्हणून दुधाने त्रास होणाऱ्यालाही ताक बहुधा सोसते. दुपारच्या जेवणाबरोबर भाजलेल्या जिऱ्याची पूड घातलेले ताजे, पातळ ताक घ्यावे. मीठ बेताने घालावे, कारण दिवसभराचे सगळे मिळून ते ५ ग्रॅमांच्या आत राहायला हवे, आणि सैंधवही शेवटी मीठच आहे.

ओवा, हिंग, जिरे, बडीशेप, आले यांचे स्थान मी मुद्दाम एवढे मागे ठेवले आहे. त्यांनी तात्पुरता आराम पडतो, आणि जड जेवणानंतर चिमूटभर ओवा चावण्यास काहीच हरकत नाही. मात्र जेवणाची वेळ न बदलता केवळ त्यांच्यावर भिस्त ठेवली तर रोज ओवा आणि रोज गॅस असे चालू राहते. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, त्यामुळे ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी वेष्टन वाचून घ्यावे. खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिण्याची सवय लावून घेऊ नये, विशेषतः रक्तदाब असणाऱ्यांनी, कारण त्यातून बरेच सोडियम पोटात जाते.

सकाळच्या शौचासाठी शरीराचीच एक सोय आहे. पोटात अन्न किंवा गरम पेय गेले की मोठे आतडे हालचाल करू लागते, आणि ही क्रिया सकाळी जोरात असते. म्हणून न्याहारीनंतरची १० मिनिटे रोज ठरलेल्या वेळी राखून ठेवावीत आणि वेग आल्यावर तो दाबू नये. घरी कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंचीचे स्टूल घ्यावे, म्हणजे उकिडवे बसल्याप्रमाणे मार्ग सरळ होतो. एवढ्याने भागले नाही तर रात्री एक चमचा इसबगोल पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावे आणि त्यात व इतर औषधांत २ तासांचे अंतर ठेवावे. घास गिळायला त्रास होत असेल तर मात्र इसबगोल घेऊ नये. पोट साफ करणाऱ्या पुष्कळशा चूर्णांत सोनामुखी असते. ती कधीतरी घेणे निराळे, पण वैद्यांना न विचारता ती महिनोन्महिने रोज घेऊ नये. शौचाला होते म्हणून मिश्री लावणाऱ्या किंवा तंबाखू धरणाऱ्या माणसांना मी कळकळीने सांगते की तीच तंबाखू तोंडाचा कर्करोग देते.

हे बदल किमान तीन आठवडे टिकवून पाहा. तरीही फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्या बरोबर न्या, कारण लोह, कॅल्शियम आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी मलावरोध होतो, आणि थायरॉइडची तपासणी झालेली नसेल तर तीही करायला सांगा.