तिखट जेवण, आठ मित्र आणि दहा बाटल्या: वाइनचं जेवण कसं मांडावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगली जिल्ह्यातल्या पलूसला सात-आठ मित्र जमणार, प्रत्येकानं कुठून कुठून आणलेल्या मिळून दहा-बारा बाटल्या आहेत (त्यांची यादीही तुम्ही दिलीय), जेवण घरचंच करायचंय. शंका दोन. आपल्या तिखटापुढे वाइन टिकते का? आणि एका रात्रीत इतक्या वाइन चाखून काही लक्षात राहतं का?

दोन्ही जमतं, पण वाइन एकामागून एक ओतू नका. दोन-दोन ओता. प्रत्येकापुढे दोन पेले, शेजारी शेजारी, आणि त्या दोघांत काहीतरी समान हवं: द्राक्षाची जात किंवा करण्याची पद्धत. एकटा पेला समोर असला की माणूस "छान आहे" म्हणतो आणि गप्पांना लागतो. दोन असले की नाक एकात, मग दुसऱ्यात, परत पहिल्यात जातं आणि बोलणं आपोआप पेल्यावर येतं. नवख्या माणसालाही आपलं मत सापडतं. बाकीच्या सगळ्या सूचना मी याच्या खालच्या समजतो.

तासगावजवळच्या एका मित्राच्या मळ्यात जानेवारीच्या अखेरीस आम्ही असंच जेवण केलं होतं. त्यावरूनच सांगतो. आठ जण, दहा बाटल्या, पाच जोड्या. यजमान स्वतः द्राक्ष बागायतदार. महिना मुद्दाम निवडलेला. ऑक्टोबर छाटणीचा माल तेव्हा गोडीवर आलेला असतो आणि रात्री हवेत गारवा असतो. एप्रिल-मेमध्ये सांगलीत हा घाट घालू नका, पेल्यातली वाइन दहा मिनिटांत कोमट होते.

सुरुवात बुडबुड्यांच्या वाइननं केली: नाशिकची सुला ब्रूट आणि स्पेनची कावा. दोन्ही एकाच पद्धतीच्या, म्हणजे दुसरं आंबवणं बाटलीतच होतं. सोबत भडंग आणि तळलेले शेंगदाणे. खारट, तेलकट, कुरकुरीत खाण्यासोबत असली आंबटसर वाइन फार खुलते, आणि भडंग तर सांगलीत घरोघरी असतं. आपल्याकडे हा प्रकार काही नवा नाही. शामराव चौगुले यांच्या नारायणगावच्या इंडाज कंपनीनं १९८० च्या दशकातच 'ओमर खय्याम' नावानं अशी वाइन परदेशात पाठवली होती.

दुसरी जोडी शेनिन ब्लाँची. हे द्राक्ष मूळचं फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातलं. तिथली थोडी गोडसर वूव्रे एका मित्रानं विमानतळावरून आणली होती, शेजारी नाशिकची शेनिन. यांच्यासोबत कृष्णाकाठच्या वांग्यांची भरली भाजी आणि शाळूची भाकरी. तिखटाचं कोडं इथंच सुटलं. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, त्यामुळे जड, कोरडी, जास्त अल्कोहोलची वाइन तिखटाबरोबर जिभेला नुसती झोंबते. थोडा गोडवा, भरपूर आंबटपणा आणि गारवा असला की तीच आग सुसह्य होते. दाण्याच्या कुटाचा स्निग्धपणाही मदतीला येतो. शेनिन मिळाली तर ती तिखट पदार्थासाठी राखून ठेवा. आपल्या जेवणाला याहून बरी वाइन मला अजून सापडलेली नाही, आणि ती स्वस्तही आहे.

तिसरी जोडी सगळ्यांना आठवते. द्राक्ष सांजोव्हेझे. एक बाटली अकलूजकडची, फ्रातेल्लीची. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू यांनी मिळून हा उद्योग उभा केला आणि इटलीतल्या तस्कनीचे पिएरो मासी यांनी वाइन घडवली. दुसरी बाटली मासींच्या त्याच मुलखातली, कियांती क्लासिको, मानेवर काळ्या कोंबड्याचा शिक्का असलेली. कियांतीचं बूच काढलं, पेल्यात ओतली आणि डॉक्टर मित्रानं नाक मागे घेतलं. फळाचा वास नाहीच, वर ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास. याला बूच लागणं म्हणतात. बुचात तयार होणाऱ्या टीसीए नावाच्या संयुगामुळे हे होतं. बनवणाऱ्याची साठवण चांगली असली तरी एखादी बाटली निघते. अपाय काही नाही, पण वारं दिल्यानं किंवा ठेवून दिल्यानं तो वास जात नाही. सुदैवानं आणखी एकानं दहांच्या वर एक कियांतीच आणली होती. आम्ही बिघडलेली फेकली नाही, चांगलीच्या शेजारी ठेवली. आठही जणांनी दोन्ही पेले हुंगले आणि तो वास सगळ्यांच्या नाकात कायमचा बसला. एरवी लोक अशी बाटली "मला रेड वाइन मानवत नाही" म्हणत पिऊन टाकतात आणि पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. म्हणून एक बाटली जादा ठेवाच.

मग मटण. यजमानांच्या बायकोशी, आमच्या वहिनींशी, आदल्या आठवड्यात फोनवर बरीच चर्चा झाली होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं: कांदा-लसूण मसाला कमी घालून मटण कसलं? शेवटी त्यांनीच तोड काढली. मसाला नेहमीच्या निम्म्यानं, आणि भाजलेलं खोबरं, तीळ, खसखस, कांदा वाढवून सुकं केलं. मिरचीचा खर्डा वेगळ्या वाटीत, ज्याला हवा त्यानं पेला संपल्यावर घ्यावा. चव तिळाखोबऱ्यानं भरलेली, जीभ भाजत नव्हती. लाल वाइनमधलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना धरतं म्हणून तोंड कोरडं, तुरट होतं. सोबत मटण असलं की त्यातली प्रथिनं आणि चरबी तो तुरटपणा मऊ करतात. नुसत्या पाण्यासोबत कडक वाटलेली वाइन दोन घास मटणानंतर गोल लागते. तुमच्याकडे प्रत्येकाला आधी नुसता घोट आणि मग घासानंतर घोट घ्यायला सांगा. हा बदल आमच्यापैकी ज्यांनी कधी वाइन प्यायली नव्हती त्यांनाही लगेच कळला.

मटणासोबतची जोडी बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, काबेर्ने सोव्हिन्याँ आणि शिराज या द्राक्षांचं मिश्रण, आणि फ्रान्समधल्या बोर्दोच्या मेदोक भागातली २००५ ची एक बाटली. जुन्या लाल वाइनला तळाशी गाळ बसतो, म्हणून ती बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवली होती. ओतताना यजमानांच्या मुलानं मानेखाली मोबाईलचा टॉर्च धरला. विटकरी रंगाची धार काचेच्या जगमध्ये सावकाश उतरत होती, आणि उजेडात गाळाची काळी रेघ खांद्याकडे सरकताना दिसली तसा ओतणाऱ्यानं हात थांबवला. तळाचा अर्धा पेला बाटलीतच राहू दिला. इतक्या जुन्या वाइनला तासन्‌तास उघडं ठेवू नका, गाळ वेगळा केला की लगेच वाढा.

आमचे यजमान या पेल्यावर बराच वेळ गप्प होते. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क आले, त्या काळात त्यांनीही काही क्षेत्रावर शिराज लावली होती. मग मंदी आली, ज्यांच्याशी करार होता त्यांनी माल उचलला नाही, आणि वेली काढून पुन्हा खायची द्राक्षं लावावी लागली. खायच्या द्राक्षाला जीए हे वाढीचं संप्रेरक देऊन मणी फुगवायचा, साल पातळ, बी नको. वाइनच्या द्राक्षाचं सगळं उलट: मणी बारीक, साल जाड, आत बी. स्वतः पिकवलेल्या शिराजची वाइन त्यांनी कधी चाखली नव्हती. ला रिझर्व्हचा घोट तोंडात घोळवून ते म्हणाले, "साखर बघायला मणी चावायचो ना, तेव्हा सालीची न् बियांची अशीच तुरट चव यायची." टॅनिन कुठून येतं हे आम्हाला समजावून सांगायची मग गरजच उरली नाही. तुमच्याकडे पलूसला असे बागायतदार नक्की असतील. त्यांना पंगतीला बोलवा. माझ्या मते ते सगळ्यात मोलाचे पाहुणे.

कोणती सरस यावर वाद झाला. माझं मत आजही तेच आहे: नुसती प्यायला बोर्दो, मटणासोबत ला रिझर्व्ह. जुन्या वाइनचा नाजूक वास खोबऱ्या-मसाल्यापुढे दबतो. तुमच्याकडे एखादी जुनी, महागाची बाटली असेल तर ती मुख्य जेवणाच्या आधी, फक्त भाकरीच्या तुकड्यासोबत द्या.

शेवटी गोड. सुलाची लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, शेनिन आणि बोर्दोकडच्याच सोतेर्न या गोड वाइनची अर्धी बाटली. गोड वाइनसोबतचा पदार्थ वाइनपेक्षा कमी गोड हवा, नाहीतर वाइन आंबट लागते. म्हणून पुरणपोळी, श्रीखंड बाद. साताऱ्याहून आलेल्या मित्रानं कंदी पेढे आणले होते. त्यांचा खमंग, भाजलेल्या खव्याचा स्वाद सोतेर्नबरोबर इतका जुळला की पुढं कुठल्याही गोड वाइनसोबत मी तेच सुचवत आलोय. सोतेर्नची गोष्ट सांगितली तेव्हा यजमान खुर्चीत पुढे सरकले. तिथं शरदात नदीकाठच्या धुक्यात बोट्रायटिस नावाची बुरशी द्राक्षावर येऊ देतात. ती सालीला बारीक छिद्रं पाडते, दुपारच्या उन्हात मण्यातलं पाणी उडतं आणि साखर घट्ट होते. मग पिकेल तसे मणी निवडून बागेत अनेक फेऱ्यांत तोडणी करतात. आयुष्यभर दावण्या आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या केलेल्या माणसाला बुरशीची वाट बघणारा शेतकरी पटायला वेळ लागला. मग म्हणाले, "म्हणजे वेलीवरच अर्धा बेदाणा केला की!" अगदी बरोबर.

आता व्यवहाराचं. बाटली ७५० मिलीची. आठ जणांना प्रत्येकी ५० मिली ओतलं तर ४०० मिली जाते, बाकीची आवडेल त्याला परत. तरी दहा बाटल्यांचे माणशी जवळजवळ अर्धा लिटर होतात, आणि ते कमी नाही. मध्ये एक तस्त ठेवा आणि चाखून थुंकण्यात काही वावगं नाही हे आधीच सांगा. वाइन चाखणारे व्यावसायिक तेच करतात. पाणी भरपूर, भाकरी सतत समोर. मळ्यात मुक्काम होता म्हणून कुणी गाडीला हात लावला नाही. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे आणि अशा जेवणानंतर ती केव्हाच ओलांडलेली असते. तुम्हीही राहायची सोय करा, नाहीतर न पिणारा चालक ठरवा.

पांढरी आणि बुडबुड्यांची वाइन ८ ते १० अंशांवर द्या. फ्रीज अपुरा पडला तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घाला, नुसत्या बर्फापेक्षा फार लवकर गार होते. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हे युरोपातल्या खोलीबद्दल आहे, म्हणजे १६ ते १८ अंश. आपल्याकडे लाल बाटलीही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. गरम लाल वाइनमध्ये अल्कोहोलच नाकात जातं. पेले माणशी दोन, केटरिंगवाल्याकडून भाड्यानं मिळतात. त्यांना साबणाचा वास नाही ना, हे आधी हुंगून बघा. अगरबत्ती, अत्तर, मोगऱ्याचा गजरा त्या खोलीत नको.

तुमच्या यादीत तीन गोड लाल वाइन दिसतात. त्यातली एकच शेवटी ठेवा, बाकी दोन दुसऱ्या दिवसासाठी. दोन काबेर्ने आहेत, ती तयार जोडी आहे. रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, एकटीच आहे, ती पाहुणे येईपर्यंत उभ्या उभ्या द्या. उरलेल्या बाटल्यांना बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा, लालसुद्धा. दोन-तीन दिवस बऱ्या राहतात. जोड्या ठरल्या की इथं लिहा, जेवणातले पदार्थही सांगा, मग क्रम लावून देतो.