मावशी, एक विचारू?

(मनोरुग्णांच्या निवासी केंद्रांत काम करणाऱ्यांची पत्रं या सदरात घेतो. उत्तरं देणाऱ्या मावशींची नोकरी आधी सरकारी मनोरुग्णालयाच्या महिला वॉर्डात आणि नंतर एका पुनर्वसन केंद्रात झाली.)

प्रश्न : मी 24 वर्षांचा, साताऱ्याकडचा. बारावीनंतर दोन-तीन कामं केली, आता पुण्याजवळच्या एका खासगी केंद्रात केअरटेकर आहे. पुरुष विभागात पंचविसेक शुभार्थी (मानसिक आजार असलेल्यांना आम्ही असं म्हणतो) आहेत. त्यातले एक काका पूर्वी बँकेत होते, त्यांना स्किझोफ्रेनिया आहे. टाकीच्या पाण्यात काहीतरी मिसळलंय म्हणतात आणि आंघोळ करत नाहीत. सुपरवायझर म्हणाले, आंघोळ नाही तर सकाळचा चहा नाही. मी तसं केलं. काकांनी चहाचं नावच सोडलं, जेवणही निम्म्यावर आलंय. काय करू?

उत्तर : बाळा, अरे-तुरे करतेय, चालवून घे. चहा उद्यापासून सुरू कर. सुपरवायझरना त्याआधी सांग, की काका जेवत नाहीत, डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं. ‘जेवत नाहीत’ म्हटलं की कुणी वाद घालत नाही.

आता कारण ऐक. काकांकडे स्वतःचं असं काय उरलंय बघ. पैसे घरच्यांकडे, फोन ऑफिसच्या कपाटात, गेटची किल्ली तुमच्याकडे. दिवे कधी घालवायचे आणि भाजी कुठली करायची हेही दुसरंच कुणी ठरवतं. सकाळचा चहा तेवढा हमखास आपला. चहा, बिडी, घरी फोन, टीव्हीचा रिमोट, एवढ्यावर माणसं वाकवलेली मी पाहिली आहेत. आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा ती वाकतातही. म्हणून तर ही सवय सुटत नाही. पण त्यातून त्यांच्या ध्यानात एवढंच राहतं, की माझा चहा या पोराच्या हातात आहे. मग रात्री कानात ऐकू येणारे आवाज वाढले तरी ते तुला सांगायला येणार नाहीत. गोळी जिभेखाली धरून बेसिनमध्ये थुंकतील आणि तुला पत्ता लागणार नाही.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 20 कुणाकडून तरी वाचून घे. जबरदस्तीने डोकं भादरायचं नाही, गणवेशाची सक्ती करायची नाही, आंघोळीच्या वेळी आडोसा हवा, काम करून घेतलं तर त्याचा मोबदला द्यायचा. कलम 97 म्हणतं, की शिक्षा म्हणून माणसाला बांधून ठेवायचं नाही, आणि माणसं कमी आहेत म्हणूनही बांधायचं नाही. चहाचं नाव कायद्यात नाही. ते लिहावं लागेल असं दिल्लीत कुणाला वाटलं नसेल.

आंघोळीचं म्हणशील तर आधी वेळ बदल. तुमच्याकडे सहाला उठवत असणार. रात्रीच्या गोळीची गुंगी त्या वेळी उतरलेली नसते, अंग जड असतं. अकराला विचारून बघ. पाण्याची शंका आहे ना, मग बादली त्यांनाच भरू दे, नळ त्यांनाच सोडू दे. साबण त्यांच्या पसंतीचा आण. टॉवेल आणि कपड्यांवर नाव शिवून घे, कारण दुसऱ्याची विजार अंगावर आली की बरा माणूसही बिथरतो. एवढं करून नाही म्हणाले तर हात-पाय-तोंड धुऊ देत, बनियन बदलू देत. रोज पूर्ण आंघोळ झालीच पाहिजे हा आपला सोवळेपणा. जखम, खाज, वास यावर नजर ठेव, बाकी एक दिवस गेला तर जाऊ दे.

पाण्यात काही नाही हे पटवत बसू नकोस. घरच्यांनी, डॉक्टरांनी, सगळ्यांनी ते करून झालेलं असतं. ‘हो, खरंच काहीतरी आहे’ असंही म्हणायचं नाही. ‘मला तसं दिसत नाही काका, पण तुम्हाला भीती वाटतेय ते कळतंय’, इतकं पुरे. आणि कुणी सुचवलं की गोळी चहात विरघळवून दे, तर साफ नाही म्हण. पुष्कळ घरांतून हे चालतं, मला ठाऊक आहे. पण ज्याला आधीच पाण्यात काहीतरी मिसळल्यासारखं वाटतंय त्याला एक दिवस कपाच्या तळाशी पांढरा गाळ दिसला, तर तू काय सांगणार? त्या दिवशी त्याचंच खरं ठरलेलं असेल.

प्रश्न : नाइटला रजिस्टर लिहावं लागतं. आधीचे लोक ‘शांत’ किंवा ‘त्रास दिला’ एवढंच लिहायचे. मी काय लिहावं? (महिला केअरटेकर, नाशिक)

उत्तर : जे डोळ्यांनी दिसलं ते लिही. ‘त्रास दिला’ वाचून डॉक्टर फार तर झोपेची गोळी वाढवतील. ‘रात्री 2 ते 4 वाजेपर्यंत फेऱ्या मारत होत्या, बसल्या की पाय हलत होते, बसवत नाही म्हणाल्या’ असं लिहिलंस तर डॉक्टरांना कळतं, की हे आजाराचं नसून औषधाचं असू शकतं. काही औषधांनी माणसाला खरंच एका जागी बसवत नाही. आपण मात्र ‘गप बस’ म्हणून ओरडत राहतो.

दोन औषधांची नावं पाठ कर. क्लोझापिन चालू असेल तर रोज सकाळी शौचाला झालं का विचार आणि लिही. विचारायला लाज वाटते, पण या औषधाची बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते. ताप आला, घसा दुखला तरी त्याच दिवशी कळवायचं, कारण या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून तर त्यांचं रक्त ठरावीक दिवसांनी तपासतात. दुसरं लिथियम. उलट्या-जुलाब, हाताची कापरं वाढणं, तोल जाणं, जीभ जड होणं यातलं काही दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही, रात्रीच फोन करायचा. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की लिथियम अंगात साठतं. मे महिन्यात लिथियम घेणाऱ्या बाईंच्या उशाशी तांब्या भरून ठेवत जा, आणि जेवणातलं मीठ कुणी मनाने बंद करू नये हे स्वयंपाकघरात सांगून ठेव.

‘शांत’ हा शब्द मला तर भीतिदायकच वाटतो. रोज भांडणारी बाई अचानक गप्प झाली, आपली साडी दुसरीला देऊन टाकली, तर ते ‘शांत’ नव्हे, जीव द्यायचं मनात असू शकतं. लगेच सिस्टरना उठव आणि तिला एकटी सोडू नकोस.

प्रश्न : आमच्याकडचे एक दादा कधीच बरे झालेत, पण भाऊ न्यायला येत नाही. फोनही उचलत नाही. दिवाळी जवळ आली की दादा रोज विचारतात, ‘येणार ना?’ मी ‘येतील’ म्हणतो. चुकतंय का?

उत्तर : हो, चुकतंय. ‘येतील’ म्हटलंस की ते पिशवी भरून दाराशी बसतात. मी अशा भरलेल्या पिशव्या भाऊबीजेनंतर रिकाम्या करायला मदत केली आहे. ‘फोन केला होता, उचलला नाही, परवा पुन्हा करू, तुम्ही शेजारी बसा’ असं सांग. रागावतील, रडतील. रडू दे, त्यांना तेवढा हक्क आहे.

आणि फक्त भावाची वाट बघत बसू नका. घरच्यांनी नाकारलं किंवा घरच नाही, एवढ्याच कारणावरून कुणाला संस्थेत ठेवून घ्यायचं नाही, असं वर सांगितलेल्या 2017 च्या कायद्याचं कलम 19 सांगतं. अशा माणसांना बाहेर राहायला आधाराची घरं आपल्याकडे पुरेशी नाहीत, म्हणून माणसं अडकून पडतात, तो भाग वेगळा. पण केंद्राच्या समाजसेविकेला विचार, दादांचं आधार कार्ड आहे का, बँकेत खातं आहे का, दिव्यांग प्रमाणपत्र काढलंय का. कायद्याने मोफत कायदेशीर मदतही मिळते. दादांना स्वतः भाजी आणायला, एसटीचं तिकीट काढायला, कुकर लावायला शिकव. उद्या कुठे राहायची सोय झाली तर ‘यांना काही येत नाही’ म्हणून परत पाठवायला नकोत. दिवाळीला फराळ करायलाही त्यांना बरोबर घे. ताटात वाढलेल्या चकलीपेक्षा सोऱ्यातून पाडलेली बरी.

प्रश्न : शुभार्थीला माझा मोबाइल नंबर देऊ का?

उत्तर : नाही. ऑफिसचा दे. तुझी ड्यूटी संपते, फोनची संपत नाही.

प्रश्न : मुलीला एका निवासी केंद्रात नोकरी लागतेय. नातेवाईक म्हणतात, ‘वेड्यांच्यात’ काम केलं तर स्थळं येणार नाहीत. पाठवावं का? (एक आई, सोलापूर)

उत्तर : स्थळाचं मी काय सांगू ताई! तेवढ्यावरून नकार देणारं घर आधीच कळलं तर बरंच की. मारहाणीची भीती वाटत असेल, तर मानसिक आजाराची बहुतेक माणसं कुणावर हात उगारत नाहीत. जी थोडी उगारतात ती बहुधा घाबरलेली असतात, म्हणून जवळ जाताना समोरून जायचं, पाठीमागून नाही, आणि दार आपल्या मागे मोकळं ठेवायचं. हे तिला केंद्राने शिकवायला हवं. शिकवतात का ते विचारा.

तुम्ही स्वतः एकदा जाऊन या. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री एका मजल्यावर किती जण ड्यूटीला असतात? सुट्टी कधी, पगार बँकेत की हातात? संडास स्वतः बघा. बाथरूमच्या दाराला आतून कडी आहे की नाही आणि अडचण आली तर ती बाहेरून उघडता येते की नाही, तेही बघा. आणि महिला विभागात रात्री पुरुष कर्मचारी असतो का, हे विचारा. मुलगी विचारायला संकोचेल, तुम्ही विचारा.