बीमच्या काळातले आकडे जुळत नसतील तर आधी भांडवली बजेट मागवा

तुम्ही लिहिलंय की न्यूयॉर्क शहराचे तेव्हाचे महापौर अब्राहम बीम यांच्यावर प्रबंध चाललाय, शहराची १९७५ ची तूट प्रत्येक ठिकाणी वेगळी सापडतेय आणि गाईड एकच आकडा पक्का करा म्हणतायत. वाचून पोटात कालवलं, मी यातूनच गेलोय.

एकच आकडा शोधायचा नाद सोडा. तेव्हा पगारासारखा रोजचा खर्चसुद्धा थोडाथोडा भांडवली बजेटमध्ये (रस्ते, इमारती अशा टिकाऊ कामांच्या वेगळ्या बजेटमध्ये) सरकवलेला असायचा, म्हणजे तो कर्जातून भागायचा आणि चालू खर्चाचं बजेट कागदावर बरोबर जुळायचं. शिवाय येणी हातात यायच्या आधीच जमा धरायची, देणी मात्र पैसे गेल्यावर मांडायची.

मी ज्या कार्यालयाकडे कागद मागितले (नाव घेत नाही) त्यांनी फक्त चालू खर्चाचा खंड पाठवला, वर पहिल्याच पानावर 'संपूर्ण' असा शिक्का. भांडवली बजेट वेगळं असतं हो, असं कळवलं तर म्हणे नव्याने अर्ज करा, केला, तर परत तोच खंड, तोच शिक्का! अख्खं सत्र वाया गेलं, आजही आठवलं की संताप होतो. म्हणून सांगतो, अर्जात दोन्ही बजेटं नाव घालून मागा, कंट्रोलरचे (शहराच्या हिशेबाच्या प्रमुखाचे) वार्षिक अहवाल मागा आणि अमेरिकेच्या रोखे बाजार आयोगाचा (SEC) ऑगस्ट १९७७ चा अहवाल तर हवाच. तो आला आणि पुढच्याच महिन्यात बीम महापौरपदाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) एड कॉच आणि मारिओ कुओमोच्या मागे तिसरे राहिले.

मी अर्थतज्ज्ञ नाही, पण माझं मत स्पष्ट आहे. जो माणूस बजेट डायरेक्टर होता, दोनदा कंट्रोलर होता, १९७३ ला 'मला हिशेब कळतो' यावरच महापौर म्हणून निवडून आला, त्याला माहीत नव्हतं हे मला पटत नाही. तरी 'बीमने शहर बुडवलं' असं एका ओळीत लिहू नका, या युक्त्या आधीचे महापौर वॅगनर आणि लिंडसे यांच्या काळापासून चालत आलेल्या. १९७५ च्या वसंतात बँकांनी हात वर केले तेव्हा अल्पमुदतीचं कर्जच ६ अब्ज डॉलरच्या आसपास होतं. सप्टेंबरात राज्याचं नियंत्रण मंडळ बसलं आणि पैशाचे निर्णय महापौरांच्या हातातून गेलेच, १७ ऑक्टोबरला तर शिक्षक संघटनेच्या पेन्शन फंडाने १५ कोटी डॉलरचे रोखे घेतले म्हणून दिवाळं टळलं. पोलिसांची नोकरकपात, सबवेचं भाडं ३५ वरून ५० सेंट, सिटी युनिव्हर्सिटीची फी, हे सगळं सोसलं ते सामान्य माणसाने, प्रबंधात त्याला जागा द्याच.

अजून एक, राष्ट्राध्यक्ष फोर्डनी शहराला 'मरा' म्हटलं असं लिहाल तर ते शब्द वर्तमानपत्राच्या मथळ्याचे आहेत, फोर्डचे नाहीत, आणि डिसेंबरात त्यांनीच वर्षाला २.३ अब्ज डॉलरपर्यंतच्या शहराला द्यायच्या कर्जाच्या कायद्यावर सही केली.

आणि तिथलं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून असतं हे विसरू नका, नुसतं '१९७५' लिहिलं की दोन वेगळी बजेटं एकत्र होतात, तक्त्यात कायम '१९७४-७५' असंच लिहा, तुमचे निम्मे घोळ बहुतेक तिथेच असतील.