लोड नाही तरी व्होल्टेज वाढतं कसं?

प्रश्न : मी डिप्लोमा इलेक्ट्रिकलला आहे. लांब वायर म्हणजे व्होल्टेज ड्रॉप, हे शाळेपासून ऐकत आलोय, पण ट्रेनिंगला गेलो तिथले सर म्हणाले की 400 केव्हीची (किलोव्होल्ट, म्हणजे हजार व्होल्ट) लाईन पलीकडच्या टोकाला उघडी ठेवली तर तिथे पाठवलेल्यापेक्षा जास्त व्होल्टेज दिसतं. खरंच होतं का असं, की आमची फिरकी घेतली?

उत्तर : खरंच होतं, सरांनी फिरकी वगैरे नाही घेतली. गडबड अशी आहे की आपण लाईन म्हटलं की फक्त रेझिस्टन्स डोळ्यासमोर आणतो, आणि मोठ्या लाईनमध्ये तो बिचारा सगळ्यात कमी महत्त्वाचा. 400 केव्हीला किलोमीटरमागे साधारण 0.03 ओहम रेझिस्टन्स असतो आणि इंडक्टन्समुळे (तारेभोवतीच्या चुंबकीय फील्डमुळे) येणारा रिअ‍ॅक्टन्स, म्हणजे एसी करंटला होणारा अडथळा, त्याच्या दहापट. शिवाय तारा एकमेकींसमोर आणि जमिनीसमोर, मधे हवा, म्हणजे झाला ना कपॅसिटर, तोही शेकडो किलोमीटर लांब!

आता लोड काढलं तरी हा कपॅसिटर करंट खातोच, त्याला चार्जिंग करंट म्हणतात. हा करंट व्होल्टेजच्या 90 अंश पुढे असतो, तो जातो लाईनच्या इंडक्टन्समधून, आणि इंडक्टन्सवरचा ड्रॉप करंटच्याही 90 अंश पुढे. 90 आणि 90 मिळून 180, म्हणजे ड्रॉप पूर्ण उलटा झाला, वजा व्हायच्या ऐवजी तो बेरजेत आला. एकदा कागदावर फेजर (व्होल्टेज आणि करंटचे कोन दाखवणारे बाण) काढून बघा, माझ्या चार ओळींपेक्षा ते चित्र लवकर पटेल.

किती वाढतं, तर 50 हर्ट्झला लहरीची लांबी जवळपास 6000 किलोमीटर, म्हणजे 300 किलोमीटर लाईन म्हणजे 18 अंश, आणि नुकसान सोडून दिलं तर शेवटचं व्होल्टेज = सुरुवातीचं भागिले कॉस 18. म्हणजे 400 चे सुमारे 420 केव्ही. हीच लाईन 600 किलोमीटर केली तर 36 अंश आणि थेट 494 केव्ही, दुप्पट लांबीला जवळपास पाचपट वाढ! म्हणून लांब लाईनला शंट रिअ‍ॅक्टर, म्हणजे लाईन आणि जमिनीच्या मधे एक मोठी कॉइल, जोडतात, तो हा जास्तीचा चार्जिंग करंट खाऊन टाकतो. याला फेरांटी इफेक्ट म्हणतात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये इंजिनिअर फेरांटींच्या 10,000 व्होल्टच्या जमिनीखालच्या केबलवर तो पहिल्यांदा लक्षात आला. केबलमध्ये कंडक्टर आणि बाहेरचं आवरण अगदी जवळ असतात, कपॅसिटन्स ओव्हरहेड लाईनच्या कितीतरी पट, त्यामुळे तिथे आधी दिसणारच होता.

प्रश्न : मोठ्या टॉवरवर एकेका फेजला दोन-दोन, चार-चार तारा का? एकच जाड तार नाही का चालणार? आणि पावसात त्या चर्रर्र असा आवाज का करतात?

उत्तर : हवा सेंटीमीटरला साधारण 30 केव्हीच्या पीकला हार मानते. बारीक तारेच्या अंगालगत फील्ड एवढं चढतं की तिथली हवा फुटायला लागते, तोच कोरोना, आणि पावसात तारेला लटकलेले थेंब टोकदार होतात म्हणून आवाज वाढतो. चार तारा साधारण 45 सेंटीमीटर अंतरावर बांधल्या की त्या मिळून एका भल्यामोठ्या जाड तारेसारख्या वागतात. खरोखरची तेवढी जाड तार कोण उचलणार, आणि वाकवणार तरी कशी. शिवाय अ‍ॅल्युमिनियममध्ये 50 हर्ट्झचा करंट वरच्या 12 मिलीमीटरच्या आसपासच गर्दी करतो, आतला धातू नुसता वजनाला.

अजून एक फायदा, इंडक्टन्स कमी होतो आणि कपॅसिटन्स वाढतो, त्यामुळे सर्ज इम्पीडन्स (या दोघांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ) 400 ओहमवरून 300 किंवा त्याखाली येतो आणि 400 केव्हीवर नैसर्गिक लोड, म्हणजे ज्या लोडला लाईनचा इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स एकमेकांना बरोबर भागवतात तो, 400 मेगावॅटवरून 530 च्या पुढे जातं. पण कपॅसिटन्स वाढला की वरच्या प्रश्नातला चार्जिंग करंटपण वाढला, फुकट काही नाही.

प्रश्न : लाईन दोन्हीकडून बंद आहे, ब्रेकर उघडे, तरी अर्थिंगशिवाय (तारा जमिनीला जोडल्याशिवाय) हात लावू देत नाहीत. एवढं कशाला?

उत्तर : लावूच नका. एक तर कपॅसिटरवर चार्ज अडकून राहिलेला असू शकतो. दुसरं, त्याच टॉवरवर शेजारी चालू सर्किट असेल तर ते कपॅसिटन्समधून बंद लाईनवर व्होल्टेज चढवतं. हे व्होल्टेज लाईन एका ठिकाणी अर्थ केली की जवळपास नाहीसं होतं. पण शेजारच्या करंटचं चुंबकीय फील्ड लाईनच्या सगळ्या लांबीभर ईएमएफ, म्हणजे वेगळं व्होल्टेज, तयार करतं, ते एका अर्थने जात नाही, अर्थपासून जेवढे लांब जाल तेवढं वाढत जातं. म्हणून दोन्ही टोकांना अर्थ असला तरी जिथे माणूस चढणार तिथे वेगळं अर्थिंग लावतात.