वाचकांचे प्रश्न : हॉटेल घ्यावे की बंगला?

प्रश्न : गेल्या डिसेंबरात आम्ही घरचे सात जण तीन रात्रींसाठी गोव्याला गेलो होतो. उत्तर गोव्यातील एका हॉटेलात तीन खोल्या दोन महिने आधीच राखून ठेवल्या होत्या. दुपारी दोनला मिळायच्या खोल्या साडेचारला मिळाल्या आणि तोवर माझ्या ७९ वर्षांच्या आईला लॉबीतल्या सोफ्यावर ताटकळत बसावे लागले. टॉवेल एकदाही बदलले नाहीत. विचारले तर "तुम्ही रिसेप्शनला सांगायला हवे होते," असे उत्तर मिळाले. सकाळी साडेनऊला नाश्त्याला गेलो, तर इडल्या संपलेल्या आणि पोह्यांच्या भांड्यात तळाची खरवड उरलेली. एवढे होऊन शेवटच्या रात्रीच्या जेवणाच्या बिलात दहा टक्के सेवाशुल्क लावले होते. मुलगा आणि सूनबाई म्हणतात की यापुढे हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेला बंगलाच भाड्याने घेऊ. आईचे गुडघे आणि नऊ व पाच वर्षांची दोन नातवंडे यांचा विचार करता काय योग्य ठरेल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपली तक्रार खरी आहे आणि अशी पत्रे या सदराकडे नेहमी येतात. आधी खोल्यांना उशीर का झाला ते पाहू, कारण पुढच्या वेळी आरक्षण करताना त्याचा उपयोग होईल. खोल्या साफ करणाऱ्या एका कर्मचाऱ्याच्या वाट्याला पाळीमध्ये साधारण १४ ते १६ खोल्या येतात, म्हणजे एका खोलीला जेमतेम अर्धा तास. ज्या खोलीत पाहुणे राहत आहेत, तिला एवढा वेळ पुरतो. पण रिकामी झालेली खोली चादरींपासून न्हाणीघराच्या फरशीपर्यंत नव्याने लावावी लागते, तिला जास्त वेळ लागतो. डिसेंबरच्या अखेरीस अकरा वाजता निम्मे हॉटेल रिकामे होते आणि दोन वाजता तितकेच नवे पाहुणे दारात उभे राहतात. मधल्या तीन तासांत हे काम उरकायला जितकी माणसे लागतात, तितकी आता अनेक ठिकाणी ठेवलेलीच नसतात. २०२० च्या टाळेबंदीत गावी गेलेले अनेक कामगार या धंद्यात परतले नाहीत, साफसफाई बऱ्याच ठिकाणी कंत्राटावर गेली, आणि रोगाच्या भीतीपोटी सुरू झालेली 'सांगितले तरच खोलीत येऊ' ही पद्धत खर्च वाचवते म्हणून रोगानंतरही टिकून राहिली. आपले टॉवेल त्या पद्धतीत अडकले. हे मी हॉटेलच्या बचावासाठी सांगत नाही. पूर्ण दर घेऊन अर्धी माणसे ठेवणे हा मालकाचा निर्णय असतो आणि त्याची झळ पाहुण्याने सोसावी, याला काही कारण नाही.

संकेतस्थळावर दिसणाऱ्या ताऱ्यांवरही फार विसंबू नये. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती हॉटेलची पाहणी करून जे तारे देते, ते घेणे ऐच्छिक असते आणि ते पाच वर्षांसाठी असतात. आरक्षणाच्या संकेतस्थळांवर 'थ्री स्टार' म्हणून झळकणाऱ्या कित्येक हॉटेलांनी ती पाहणी करून घेतलेलीच नसते.

सेवाशुल्काचे उत्तर मात्र सरळ आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला किंवा उपाहारगृहाला ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना वैध ठरवल्या. पैसे देण्यापूर्वी "हे शुल्क वगळून बिल द्या," असे म्हणावे. बहुतेक ठिकाणी व्यवस्थापक वाद न घालता बिल बदलून आणतो.

आता बंगल्याकडे वळू. आपल्या सूनबाईंच्या मताबद्दल आदर राखून मी एक प्रश्न विचारते : बंगल्यात स्वयंपाकघर आहे, पण स्वयंपाक कोण करणार? हॉटेलात कमी पडलेली सेवा बंगल्यात गेल्याने वाढत नाही. ती घरातल्या कोणाच्या तरी अंगावर पडते, आणि कोणाच्या ते आपल्या घरांत सांगावे लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नऊ जण अलिबागजवळच्या एका बंगल्यात उतरलो होतो. छायाचित्रांत होते ते सारे तिथे होते : झोपाळा, नारळाची झाडे, काचेचे मोठे दार. रात्री पावणेदहाला भात अर्धवट शिजला असताना सिलिंडर संपला. दुसरा भरलेला सिलिंडर मागच्या पडवीत होता, पण त्याच्या तोंडाशी वॉशरच नव्हता, त्यामुळे रेग्युलेटर लावला की वास यायचा. केअरटेकर सातलाच दिवे लावून चार किलोमीटरवरच्या आपल्या घरी गेला होता आणि फोन उचलत नव्हता. मालक मुंबईत होते. त्यांनी अतिशय सौजन्याने व्हिडिओ कॉलवर वॉशर कसा बसवतात ते दाखवले, पण वॉशर काही त्यांना फोनमधून पाठवता आला नाही. आम्ही फरसाण आणि केळी खाऊन झोपलो. सकाळी केअरटेकर वॉशर घेऊन आला, तेव्हा चहाचे आधण ठेवायला उठलेल्या आम्ही दोघी जावाच होतो. बाकी सात जणांची सुटी चालू होती.

म्हणून बंगला घेताना मालकाला माझा पहिला प्रश्न असतो, "रात्री दहा वाजता त्या आवारात तुमचे कोण असेल?" "केअरटेकर आहे," हे त्याचे उत्तर नव्हे, तो तिथेच झोपतो की घरी जातो, हे स्पष्ट विचारावे. रात्री मोटर बिघडून पाणी गेले, वीज गेली किंवा आईंना एकाएकी बरे वाटेनासे झाले, तर गाडी कुठे मिळते आणि जवळचा डॉक्टर कोण, हे ठाऊक असलेला माणूस हाकेच्या अंतरावर असायला हवा. सामान्य हॉटेलातही रात्रपाळीला निदान एक माणूस जागा असतो. न बदललेल्या टॉवेलांपुढे आपण हे विसरतो.

पैशांचेही गणित मांडून पाहावे. समजा, हॉटेलच्या तीन खोल्या जास्तीच्या गादीसह आणि नाश्त्यासह रात्रीला प्रत्येकी सरासरी ५,५०० रुपयांना मिळाल्या. तीन रात्रींचे ४९,५०० झाले. खोलीचा दर दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर ५ टक्के जीएसटी आहे. म्हणजे २,४७५ धरून एकूण ५१,९७५ रुपये. तीन खोल्यांचा बंगला रात्रीला १५,००० रुपयांना मिळाला, तर भाडे ४५,००० होते आणि वरवर साडेचार हजार वाचलेले दिसतात. पण अख्खा बंगला एकच घटक म्हणून दिला जात असल्याने त्याचा दर ७,५०० च्या वर जातो आणि कर १८ टक्के लागतो. ८,१०० रुपये मिळवले की बेरीज ५३,१०० होते. संकेतस्थळाचे शुल्क, किराणा आणि स्वयंपाकिणीचे पैसे अजून यायचेच आहेत. मालकाकडून परस्पर घेतलेल्या बंगल्यावर अनेकदा कर दिसत नाही, पण तिथे बहुधा पावतीही मिळत नाही, आणि पावती नसली की पुढच्या प्रश्नात सांगितलेले मार्ग अवघड होतात.

तरीही बंगला सर्वथा टाळावा, असे माझे म्हणणे नाही. दहा-बारा माणसे असतील, मुक्काम आठवडाभराचा असेल, किंवा तान्ह्या बाळासाठी वेळी-अवेळी पेज शिजवायची असेल, तर बंगलाच सोयीचा पडतो. जेवणानंतर सगळ्यांनी एका पडवीत पत्ते कुटत बसण्याचे सुख हॉटेलच्या तीन खोल्यांत मिळत नाही, हेही मी मान्य करते. पण आपला मुक्काम तीन रात्रींचा आहे. आईंसाठी तळमजल्यावर झोपण्याची खोली आणि तिला लागूनच कमोड असलेले न्हाणीघर हवे, तर अनेक बंगल्यांत झोपण्याच्या खोल्या वरच्या मजल्यावर असतात. जलतरण तलावाला कुंपण नसेल, तर पाच वर्षांच्या मुलावर एका मोठ्या माणसाला दिवसभर डोळा ठेवावा लागेल.

माझे मत विचाराल, तर आपण पुन्हा हॉटेलच घ्यावे, पण वेगळे. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो असे १५-२० खोल्यांचे हॉटेल शोधावे. आरक्षणापूर्वी तिथे थेट फोन करावा आणि तळमजल्यावरची खोली, लिफ्ट, रोजची साफसफाई व नाश्त्याची वेळ यांची उत्तरे व्हॉट्सअॅपवर लेखी घ्यावीत. फोन कोण उचलतो आणि कसा बोलतो, यावरून निम्मी परीक्षा होते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळता आला, तर बाकीची निम्मीही सोपी जाईल. घरच्यांचा आग्रह बंगल्याचाच असेल, तर स्वयंपाकीण ठरलेली आणि केअरटेकर आवारातच राहणारा असा घ्यावा. गोव्यात पर्यटकांना घर भाड्याने देणाऱ्याने १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करायची असते. तो क्रमांक मागितल्यावर मालक अडखळला, तर दुसरे घर पाहावे.

प्रश्न : लोणावळ्याजवळ दोन रात्रींसाठी एक बंगला घेतला होता. जाहिरातीत दाखवलेला जलतरण तलाव प्रत्यक्षात कोरडा निघाला आणि दोनपैकी एक एसी बंद होता. मालक एक रुपयाही परत द्यायला तयार नाहीत. काही करता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : येईल, पण आपल्या हाती पुरावा किती आहे यावर बरेच अवलंबून आहे. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, कोरड्या तलावाची त्याच दिवशी काढलेली छायाचित्रे, पैसे दिल्याची नोंद आणि मुक्कामातच मालकाला पाठवलेला तक्रारीचा संदेश, हे सारे एकत्र करावे. घरी परतल्यावर केलेल्या तक्रारीपेक्षा त्याच दुपारी केलेली तक्रार भक्कम ठरते. आरक्षण संकेतस्थळामार्फत केले असेल, तर आधी त्यांच्याकडे लेखी परतावा मागावा. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. अनेक प्रकरणे तिथेच मिटतात. त्यानंतरची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथे राहता तिथे, म्हणजे ठाण्यातच, तक्रार दाखल करता येते. त्यासाठी पुणे जिल्ह्यात खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे.

अगोदर पैसे भरून गेल्यावर त्या पत्त्यावर बंगलाच नव्हता, असेही एका वाचकांनी कळवले आहे. ती ग्राहक तक्रार नसून फसवणूक आहे. तिथे वेळ न दवडता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वी गोठवता आले तरच हाती लागतात.

प्रश्न : आम्ही दोघेच सेवानिवृत्त पती-पत्नी आहोत. गुहागरला चार दिवस राहायचे आहे. मोठे हॉटेल नको आणि रिकामा बंगलाही नको.
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्यासाठी घरगुती सोय उत्तम. कोकणात अनेक कुटुंबे आपल्याच घराच्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देतात. राज्याच्या पर्यटन विभागाची निवास-न्याहारी योजनाही आहे, तिच्यात नोंदलेले घर मिळाले तर पाहावे. यजमान तिथेच राहत असल्याने रात्री दहाला कोण असेल, हा प्रश्न उरत नाही. मात्र तिथे रूम सर्व्हिसची अपेक्षा ठेवू नये, आणि साडेआठची जेवणाची वेळ सांगितली असेल तर साडेआठलाच पानावर बसावे. मासे खाणार असाल, तर ते आदल्या रात्रीच सांगून ठेवावे, कारण बाजार सकाळीच होतो.